भरतीचा गडी

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. घरी नाही, मंडळात नाही, ज्याला सांगायला हवी होती त्यालाही नाही. सलीमला संघातून समितीनं काढलं नव्हतं. मी काढलं होतं.

एवढं लिहून उठलो. अंगणात दोन चकरा मारल्या, नळ नीट बंद आहे का पाहिलं, परत येऊन बसलो. वाटलं होतं, पहिलं वाक्य कागदावर उतरलं की पुढचं आपोआप येईल. येत नाही.

संपादकांनी फोनवर वेगळंच मागितलं होतं. "सर, दिग्रससारख्या कापसाच्या गावात तुम्ही इतकी वर्षं बास्केटबॉल चालवलं. त्यातल्या चार गमती लिहा. दिवाळी अंकात लोकांना हलकंफुलकं लागते." गमती आहेत माझ्याकडे. पण त्यातल्या बहुतेक गमतींत सलीम कुठेतरी उभा असतो, आणि तो दिसला की मी विषय बदलतो. सहा वर्षं हेच चाललंय.

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक. शाळा सुटली की त्याच मैदानावर मंडळाचा संघ खेळवायचो, अजूनही खेळवतो. संघ मोठ्या माणसांचा: कोणी जिनिंगमध्ये कामाला, कोणी मेडिकलच्या काउंटरवर, कोणी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पिशवीत घेऊन येणारा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मैदानात पाच, बाकावर सात, मिळून बारा. तेरावा कितीही चांगला असो, तो प्रेक्षक. आमच्या जर्सीचे नंबर चारपासून पंधरापर्यंत. ही जुनी पद्धत. आता नियमात दुसरेही आकडे चालतात, पण आमचा संच जुना होता. शिंप्याची समजूत अशी झाली होती की नंबर जेवढा मोठा, तेवढा माणूस मोठा. त्यामुळे चार नंबरची जर्सी आमच्या कप्तानाच्या बेंबीपर्यंत यायची आणि पंधरा नंबरची गुडघ्याला टेकायची. ही पंधरा नंबरची कोणी घेईना. सलीमनं घेतली. अर्धी चड्डीत खोचून तो म्हणाला, "सर, मले चालते. पुढं लग्न झालं त बायकोलेही होईन."

सलीमचं कमानीचं दुकान पुसद रोडला. ट्रकच्या चाकांवर लोखंडी पट्ट्यांची कमान असते, ती तुटली की बदलायची, हे त्याच्या वडिलांचं काम आणि मग त्याचं. उंची मध्यम, खांदे रुंद, पाय जमिनीत रोवल्यासारखे. संघात आला तेव्हा चोविसाचा असेल. बास्केट करणं त्याला जमत नव्हतं. जमत नव्हतं म्हणजे अगदीच नाही. मोकळ्या रिंगखाली, एकटा असताना मारलेला चेंडू फळ्याच्या वरून पलीकडे मोटरसायकलींवर पडलेला मी पाहिला आहे.

तरी तो का हवा, हे सांगणं हाच माझ्या धंद्यातला अवघड भाग. आपला माणूस चेंडू घेऊन पळतो तेव्हा त्याच्या मागे लागलेल्याच्या वाटेत कोणीतरी खांबासारखं उभं राहावं लागतं. चेंडू रिंगला लागून परत येतो तेव्हा समोरच्या धिप्पाड गड्याला पाठीनं रेटून बाहेर ठेवावं लागतं, म्हणजे उडी दुसरा मारतो आणि टाळ्याही त्यालाच मिळतात. आणि कोणी रेड्यासारखा अंगावर धावून आला, तर पाय न हलवता छातीवर घ्यावं लागतं. पाय हलले नसतील तर फाउल त्याचा, चेंडू आपला. ही तीनही कामं दुखणारी आहेत, आणि यातलं एकही कुठे लिहिलं जात नाही. सामन्याच्या अधिकृत गुणपत्रकात दोनच गोष्टी दिसतात: कोणी किती गुण केले आणि कोणी किती फाउल केले. वैयक्तिक फाउल झाला की नावापुढे इंग्रजी 'पी' मांडतात. सलीमच्या नावापुढे गुण कोरे आणि पी भरपूर.

नेरला एका स्पर्धेत टेबलावर बसलेला नवखा गुणलेखक सामना संपल्यावर कागद घेऊन माझ्याकडे आला. "सर, हा पंधरा नंबरवाला कोण हाय? याच्यासमोर मी चार वेळा पी लिवलं. पिऊन आलता का हा?" सलीम मागेच उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, चहाही बिनसाखरेचा पेतो मी."

त्याच स्पर्धेत त्याला 'भरतीचा' हे नाव पडलं. असले खेळाडू इंग्रजीत रोल प्लेअर; आमच्या भागात मैदानाच्या कठड्यावर बसणाऱ्या पब्लिकनं त्यांना भरतीचे गडी करून टाकलं होतं. म्हणजे संख्या भरायला घेतलेले. "ए भरतीच्या, बॉल तरी धरून पाह्य एकदा, गरम नसते तो." सलीम हसून हात करायचा. सामन्याच्या शेवटी यजमान संघाचा सहा फुटी गडी त्याच्यावर धावून आला, सलीम हलला नाही, दोघेही आडवे झाले, चेंडू आम्हाला मिळाला आणि आम्ही एका गुणानं जिंकलो. यजमानांचे कोच माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बाकीचे राहू द्या सर, हा पंधरा नंबर मले द्या." मी म्हणालो, "किडनी मागा, देतो." त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. कोपराला फडकं बांधलेलं. ते घट्ट करत म्हणाला, "सर, एक इचारू? राज्याच्या स्पर्धेत पहिल्या तिनात आलं, त त्या सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या जागेतून फॉर्म भरता येते म्हणे."

"येतो की. पोलीस भरतीतही असतात खेळाडूंच्या जागा."

दोनदा तो पोलीस भरतीला जाऊन आला होता. मैदानी चाचणीत पुढे आणि लेखीत थोडक्यात मागे. तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "मंग बराबर हाय. लोक मले भरतीचा म्हणतेत ना. एक दिवस खरंच भरतीचा होतो."

मी हसलो आणि म्हणालो, "तू आहेसच बारात."

हे वाक्य मी दिलेलं आहे. कोणी विचारलं नव्हतं, एसटीत बसल्या बसल्या स्वखुशीनं दिलं होतं.

मध्ये एक गंमत सांगून घेतो, संपादकांना दिलेला शब्दही पाळला जाईल. आमचं मैदान सिमेंटचं. सोयाबीन निघालं की आसपासच्या शेतकऱ्यांना वाळवायला असं मैदान म्हणजे पर्वणी. एका वर्षी निवड चाचणीच्या सकाळी येऊन पाहतो तो रिंगपासून रिंगपर्यंत सोयाबीन पसरलेलं, आणि मधल्या वर्तुळात एक आजोबा खुर्ची टाकून बसलेले. मी म्हणालो, "आजोबा, आज मॅच आहे." ते म्हणाले, "मास्तर, तुमचा बॉल उद्याही उडन. माह्यं सोयाबीन आज भिजलं त उद्या वाळन का?" सलीमनं त्यांच्याशी पाच मिनिटं काय बोलणी केली कोणास ठाऊक, पण अर्धं मैदान मोकळं झालं. मग सगळ्यांनी मिळून फावड्यांनी सोयाबीन एका बाजूला ओढलं, अर्ध्यात झाडू मारला आणि एकाच रिंगवर चाचणी घेतली. कुठेतरी चार दाणे राहिलेच. यवतमाळहून आलेला, बूट पायात असताना फक्त बुटांविषयी बोलणारा एक खेळाडू त्यावरून असा घसरला की थेट राशीत जाऊन बसला. आजोबा खुर्चीतूनच म्हणाले, "आता आला तसा दोन हात फिरवून दे."

तिसऱ्यांदा उठून आलो. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिहून राह्यले का येरझारा मारून राह्यले?" मी म्हणालो, दोन्ही.

तर ते वर्ष. जिल्ह्यातून राज्याच्या स्पर्धेला आमचंच मंडळ जाणार होतं. निवड चाचणीत आम्ही सगळ्यांना हरवलं होतं आणि नियमानं जिल्ह्यातला, पण मंडळाबाहेरचा एखादा खेळाडूही घेता येत होता. पुसदचा वेदांत, त्याचा संघ हरल्यामुळे, तेव्हाच मोकळा झाला. सहा फूट तीन इंच, दोन्ही हातांनी बास्केट करणारा, असा खेळाडू आमच्या भागात क्वचित दिसतो. तो यायला तयार होता. त्याला घ्यायचं तर बारांतला एक कमी करायचा.

लोकांना वाटतं कोच मैदानावर ओरडतो तेव्हा त्याचं काम चाललेलं असतं. खरं काम हे असतं. बारा नावं लिहायची आणि एक खोडायचं. मी आठवडाभर वही घेऊन फिरत होतो. अकरा नावं पक्की होती. बारावं सलीमचं किंवा निनादचं.

निनाद आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा मुलगा. वाईट खेळाडू नव्हता. लांबून बास्केट मारायचा, दहातली चार आत जायची. पण अंगाला अंग लागलं की बाजूला सरायचा. वेदांत आल्यावर लांबून मारणारे आमच्याकडे आणखी तिघं होते. अंगावर घेणारा सलीम एकटा. खेळाच्या दृष्टीनं विचार करायला पाच मिनिटंही लागत नव्हती. मला आठवडा लागला, कारण मी खेळाचा विचार करत नव्हतो.

त्या वर्षी माझा निवडश्रेणीचा प्रस्ताव मुख्याध्यापकांच्या टेबलावर होता. शिक्षकांना ठाऊक असेल, इतरांसाठी सांगतो: ठरावीक नोकरी झाली की मिळणारी वरची वेतनश्रेणी, आणि तिचा कागद शाळेतूनच पुढे जातो. मुख्याध्यापकांनी निनादविषयी कधी एक शब्द काढला नाही. हे मी त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितो. त्यांनी कदाचित विचारही केला नसेल. भीती माझी मीच तयार केली आणि मीच तिला भ्यालो.

मंडळाच्या समितीची बैठक अध्यक्षांच्या पेढीवर झाली. अध्यक्ष कापसाचे व्यापारी, वयानं मोठे, गावात सगळे त्यांना बाबूजी म्हणतात. मी सलीमची मागच्या हंगामाची गुणपत्रकं बरोबर नेली होती. दुसऱ्या कोणाचीही नेली नव्हती. बाबूजींना खेळातलं फारसं कळत नसे, पण माणूस सरळ. त्यांनी कागद चाळले, कोरे रकाने पाहिले, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "सर, हा पोरगा गुण करत नाही हे मले दिसते. पण तुम्ही याले इतके दिवस खेळवला, म्हणजे काही त असन. याले ठेवणं परवडते का नाही, हे तुम्ही सांगा. बारा नावं तुमची. आम्ही खाली सही करतो."

मी म्हणालो, "नाही परवडत, बाबूजी."

त्यांनी सही केली. चहा आला. बैठक संपली.

परवडण्याचा हिशोब मी असा केला होता. निनादला काढलं तर घरी चर्चा होईल, शाळेत तोंडं बदलतील, माझा कागद टेबलावर पडून राहील. वेदांत नाही घेतला तर गाव विचारेल. सलीमला काढलं तर काहीच होणार नाही. तो भांडणार नाही, त्याच्या बाजूनं भांडायला कोणी येणार नाही. तो सगळ्यांत स्वस्त होता. जो माणूस दरवेळी छातीवर घेतो, तो हेही घेईल, एवढाच माझा आधार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दुकानात गेलो. तो ट्रकखाली झोपून नट सोडवत होता. माझे बूट ओळखून बाहेर आला, हात पुसले, स्टूल पुढे केलं. मी बसलो नाही.

"सलीम, यादी आली. तुझं नाव नाही."

तो फडक्यानं हात पुसतच राहिला.

"वरून आलं," मी म्हणालो.

आपल्याकडे हा शब्द सगळीकडे चालतो. बदली झाली, वरून आलं. काम बंद पडलं, वरून आलं. कोणी कोणाला विचारत नाही की वर कोण बसलंय. मी शाळेतल्या मुलांनाही सुट्टी रद्द झाली की हेच सांगायचो. तोंडात तयार होतं, बाहेर पडलं.

"वरून म्हणजे? बाबूजी?"

इथे मला थांबता आलं असतं. मी मान हलवली. "समितीनं गुणपत्रकं मागवली. शून्य दिसले. माझं काही चाललं नाही."

सलीमनं ट्रककडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावर हात ठेवायला गेला, हात काळा आहे हे लक्षात येऊन मागे घेतला. म्हणाला, "जाऊ द्या सर. वरून आलं त तुम्ही तरी काय करसान." मग दुकानात आत गेला आणि पंधरा नंबरची जर्सी घेऊन आला. धुतलेली, घडी केलेली. मोठ्या स्पर्धेसाठी तयार करून ठेवली असणार. "माह्या जागी कोण?"

"वेदांत."

"चांगला हाय थो. फक्त बॉल उडाला की मांगं पाह्यत नाई कोण आलं ते. सांगजा त्याले."

मला धीर देऊन तो पुन्हा ट्रकखाली गेला.

राज्याच्या स्पर्धेत आम्ही तिसरे आलो. उपांत्य सामना तीन गुणांनी गेला. शेवटच्या दोन मिनिटांत त्यांचा उंच गडी परत आलेला प्रत्येक चेंडू उचलत होता, कारण त्याला पाठीनं बाहेर ठेवणारं कोणी नव्हतं. वेदांत खाली उभा राहून वर बघत होता. मी बाकाकडे न वळताच म्हणालो, "सलीम, ऊठ, जा आत." बाकावर कोणी हललं नाही. मग निनाद हळूच म्हणाला, "सर, मी जाऊ?" मी म्हणालो, "बस." त्या स्पर्धेत निनाद एकूण चार-पाच मिनिटं खेळला असेल.

तिसऱ्या जागेचा सामना जिंकला, कांस्यपदक मिळालं, पोट्टे नाचले, बारा प्रमाणपत्रं मिळाली. बस स्टँडवर उतरल्यावर हार घालणाऱ्यांत सलीम होता. त्यानं वेदांतला मिठी मारली. पुढच्या हंगामात वेदांत नागपूरच्या एका संघाकडे गेला. त्याला ठेवणं आम्हाला खरोखरच परवडणारं नव्हतं. निनादनं पुण्यात खासगी नोकरी धरली. प्रमाणपत्र त्याच्या घरी कुठल्यातरी फायलीत असेल. त्याला त्याची कधी गरजच पडली नाही. माझी निवडश्रेणी वेळेवर झाली. मुख्याध्यापकांनी प्रस्ताव कधीच पुढे पाठवला होता, बैठकीच्या आधीच. हे मला नंतर क्लार्कनं सहज सांगितलं.

इथपर्यंत गोष्ट असती तर कदाचित मी लिहायला बसलो नसतो. एका माणसाला डावललं, असे कोच पुष्कळ असतात. पण मी जे खोटं बोललो ते तिथे थांबलं नाही.

बस स्टँडजवळच्या टपरीवर एक दिवस चहा घेत होतो. पाठीमागे सलीमच्या मोहल्ल्यातले दोघं बोलत होते. एक म्हणाला, "बाबूजीनं खेळ नाई पाह्यला, नाव पाह्यलं."

दुसरा म्हणाला, "सरांनी लय भांडून पाह्यलं म्हणे. नाई ऐकलं."

मी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी मला ओळखलं नसेल किंवा ओळखलं म्हणूनच मोठ्यानं बोलले असतील. कप संपेपर्यंत बसलो. चहा गरम होता, वेळ लागला. तेवढा सगळा वेळ माझ्याकडे होता.

बाबूजींनी सलीमचं नावच वाचलं नव्हतं नीट, पोरगा म्हणाले होते. आणि मला विचारलं होतं. माझ्या एका शब्दानं त्या म्हाताऱ्या माणसाच्या माथी असा डाग लागला जो त्याला दिसतही नाही आणि पुसताही येत नाही. सलीम त्यांच्या ट्रकचं काम घेईनासा झाला. भांडण नाही, तक्रार नाही. ड्रायव्हर गाडी घेऊन गेला की "टाइम नाई भाऊ" एवढंच. एकदा बाबूजी मला म्हणाले, "सर, तो तुमचा सलीम रस्त्यात भेटला त दुसरीकडं पाह्यते. त्याच्या बापापासून आमचं काम तिथंच होतं. माह्याकडून काही चुकलं का? तुम्हाले माहीत असन."

मी म्हणालो, "कामाचा लोड असेल, बाबूजी."

हे दुसरं खोटं. ते मी जास्त सहज बोललो.

आता बाबूजींना अर्धांगवायू झालाय. जीभ जड आहे, पण समजतं सगळं. मागच्या महिन्यात भेटायला गेलो तर हातानं कमानीसारखा आकार करून दाखवला. त्यांच्या मुलाला कळलं नाही. तो म्हणाला, "बाबूजी काय म्हणून राह्यले सर?" मला कळलं होतं. मी म्हणालो, "काही नाही, पूल म्हणत असतील."

हे तिसरं. लिहितोय तेव्हा मोजतोय.

आणि त्याच आठवड्यात आमच्या मैदानाची एक रिंग निसटली. मी सलीमला फोन केला. दुसऱ्या कोणाला करणार. तो वेल्डिंगचं सामान घेऊन आला, शिडी लावली, काम केलं, मजुरी घेतली नाही. मग खात्री करायला स्वतः रिंगला लोंबकळला. केस कानांजवळ पांढरे व्हायला लागलेत त्याचे. खाली उतरून हात झटकत म्हणाला, "मजबूत झाली सर. आता हत्ती लटकला तरी नाई तुटत."

मग सामान बांधता बांधता म्हणाला, "भरतीची जाहिरात आली सर. फॉर्म पाह्यला. यंदा वय गेलं."

मी शिडीचं एक टोक धरलं.

"खेळाडूवाल्याले वयात सूट असते म्हणे. पण त्याले कागद लागते." तो हसला. "जाऊ द्या. वरून जे आलं ते आलं."

संध्याकाळची वेळ होती, मैदानावर दुसरं कोणी नव्हतं. वेल्डिंगच्या मशीनची वायर तो कोपरावर गुंडाळत होता. सहा वर्षांत याच्याइतकी चांगली संधी आली नव्हती. मी म्हणालो, "सलीम, ते वरून..."

"हाव सर?"

त्यानं वायर गुंडाळणं थांबवलं. तो माझ्याकडे पाहत होता, नेहमीसारखा, सूचना ऐकायला उभा राहतो तसा.

"ते वरून रंगही मारून टाकू, नाहीतर गंजेल."

"बराबर," तो म्हणाला. "येतो उद्या डबा घेऊन."

आला. लाल रंग मारून गेला. रोज शाळेत शिरताना ती रिंग दिसते.

त्यानंतर तीनदा मी पुसद रोडला जाऊन आलोय. एकदा दुकान बंद होतं. एकदा गिऱ्हाईक होतं. एकदा दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक नव्हतं, त्यानं स्टूल पुढे केलं, आणि मी स्कूटरचे शॉकअप दाखवून परत आलो. शॉकअप चांगले होते. त्यानं तसं सांगितलंही.

हा मजकूर संपादकांकडे पाठवायचा आहे. अंक आला की दिग्रसमध्ये चार घरी जाईल, बस स्टँडच्या स्टॉलवर लागेल, कोणीतरी सलीमला दाखवेल. बाबूजींना त्यांचा मुलगा वाचून दाखवेल. म्हणजे मी पुन्हा तेच करतोय: स्वतः तोंडानं न सांगता कागदावरून पाठवतोय. सलीमला तर ते पुन्हा वरूनच आल्यासारखं होईल.

बारावी जागा सलीमची होती. ती आणि तिच्याबरोबर गेलेलं प्रमाणपत्र मी त्याला देणं लागतो. ते देणं आता माझ्या हातात नाही. बाबूजींना मी त्यांचं नाव देणं लागतो. आणि दोघांनाही एक वाक्य देणं लागतो, बाबूजींच्या पलंगाजवळ सलीमला बसवून, दोघांच्या समोर: वरून काही आलं नव्हतं, मी काढलं. हे वाक्य माझ्या हातात आहे. ते मी अजून दिलेलं नाही.